पहिल्या घागरीचे मोल

पूर्णा नदीच्या काठच्या कोणत्याही जुन्या घरात चौकशी केली, तर घरधनीण प्रथम हेच सांगेल की खाऱ्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. चूल तासभर पेटती ठेवली तरी दाणा टणक तो टणकच राहतो आणि सरपण मात्र दुप्पट जळते. सातपुड्याच्या दक्षिणेस, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर, दर्यापूर, भातकुली या तालुक्यांतून सुमारे दीडशे किलोमीटर लांब असा जो सपाट काळ्या मातीचा प्रदेश पसरलेला आहे, त्याला वऱ्हाडात खारपाणपट्टा म्हणतात. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांतील शेकडो गावे त्यात मोडतात. खोल गाळाच्या थरांत युगानुयुगे साठून राहिलेल्या क्षारांमुळे तेथील विहिरींना पाणी लागते, भरपूर लागते, परंतु ते ओठाला लावण्याच्या योग्यतेचे नसते. मूत्रपिंडाच्या विकारांची तक्रार या भागात घरोघरी ऐकू येते. माणूस पाण्याच्या शेजारीच राहतो आणि पाण्यासाठी कोसभर चालतो, अशी ही स्थिती आहे. वस्तूची किंमत आणि वस्तूचे मोल यांतील अंतर ज्याला समजून घ्यायचे आहे, त्याने हिऱ्यामोत्यांच्या पेठेत न जाता याच मुलखात यावे असे मला वाटते, कारण येथे ते अंतर पावलांनी मोजता येते.

माझ्या आजोळी माजघराच्या कोपऱ्यात एक घिनोची होती. तिच्यावर दोन घागरी आणि एक पितळी गुंड ठेवलेला असे, आणि बाहेर न्हाणीपाशी एक मोठा रांजण असे. रांजणातले पाणी खारे, घरामागच्या विहिरीचे. घिनोचीवरचे पाणी गोडे, नदीपलीकडच्या एका विहिरीवरून आणलेले. लहानपणी खेळून आल्यावर मी जर त्या गुंडात हात बुचकळू लागलो, तर आजी चुलीपुढूनच ओरडे, "ते पानी प्याचं हाये, त्याले हात नोको लावू!" त्या गोड्या पाण्याचा विनियोग कसा करावयाचा याची तिच्या मनात एक निश्चित अनुक्रमणिका होती. पहिली घागर पिण्याची. दुसरी घागर डाळीची. गुंडातले पाणी आल्यागेल्याच्या चहाचे आणि घरात कोणी आजारी असले तर त्याच्या पेजेचे. ज्या दिवशी चौथी खेप होई, त्या दिवशी पांढरे कपडे गोड्या पाण्यात धुतले जात, आणि तो दिवस क्वचितच येई. एखादे दिवशी घागर वाटेत फुटली तर डाळीऐवजी पिठले होई; पिण्याच्या घागरीला मात्र कोणत्याही कारणाने हात लागत नसे.

अडाम स्मिथ या स्कॉटिश पंडिताने १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या विख्यात ग्रंथात असा प्रश्न मांडला होता की, पाण्याहून अधिक उपयुक्त असे जगात काही नाही, तथापि पाण्याच्या मोबदल्यात काहीच मिळत नाही. उलट हिऱ्याचा प्रत्यक्ष उपयोग जवळजवळ शून्य, परंतु त्याच्या मोबदल्यात हवे ते मिळते, हे कसे? या कोड्याचे समाधानकारक उत्तर मिळण्यास पुढे शंभर वर्षे जावी लागली. १८७१ साली इंग्लंडात जेव्हन्स याने आणि ऑस्ट्रियात कार्ल मेंगर याने, आणि त्यानंतर तीन वर्षांनी वाल्रा याने, एकमेकांपासून स्वतंत्रपणे असे दाखवून दिले की बाजारातील किंमत ही सबंध वस्तूच्या उपयुक्ततेची नसून तिच्या शेवटच्या अंशाच्या उपयुक्ततेची असते. ज्याच्या घरी दहा घागरी पाणी आहे त्याची दहावी घागर अंगणात सडा घालण्याच्या कामी येते, म्हणून आणखी एखादी घागर विकत घेण्याचा प्रसंग आला तर तो सड्याच्या मोलानेच तिचे पैसे देईल. पहिली घागर प्राण वाचवते हे जरी खरे असले, तरी त्या प्राणाचा हिशेब दहाव्या घागरीच्या किमतीत कोठेच लागत नाही. मेंगरने आपल्या ग्रंथात गरजांच्या उतरत्या क्रमाचे जे कोष्टक दिले आहे, ते मी महाविद्यालयात प्रथम पाहिले तेव्हा मला आजोळची घिनोची आठवली. पिण्याची घागर, डाळीची घागर, चहाचा गुंड, धुण्याची खेप: अनुक्रम तोच होता, आणि तो एका निरक्षर बाईने कोणाकडूनही न शिकता, केवळ टंचाईच्या धाकाने, तंतोतंत सिद्ध केला होता.

यावरून एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी निघते. भाव हा शेवटच्या घागरीचा असतो आणि मोल पहिल्या घागरीचे असते. जेथे वस्तू मुबलक आहे तेथे भाव उतरतो. परंतु पहिल्या घागरीचे मोल तिळमात्र कमी होत नाही, ते केवळ दृष्टीआड होते. पुढे वान धरणाचे पाणी चौऱ्यांशी खेड्यांच्या नळयोजनेतून या पट्ट्यात आले, तेव्हा ज्या घरांत पाच-सहा घागरी भरू लागल्या त्या घरांतून गोडे पाणी गुरांपुढेही जाऊ लागले. हे योग्यच झाले. मात्र उन्हाळ्यात ज्या दिवशी नळ येत नाही, त्या दिवशी घराघरांतून घागरींचा तोच जुना अनुक्रम पुन्हा लागतो.

आता नदीपलीकडच्या त्या विहिरीवर पाण्याला दाम पडत नसे, म्हणून ते पाणी फुकट होते असे समजणे ही हिशेबातील मोठी चूक होय. दोन खेपांना दोन तास लागत असतील, तर आठ तासांच्या कामाच्या दिवसाचा चतुर्थांश त्यात गेला. रोजगार हमीच्या कामावर महाराष्ट्रात २०२४-२५ साली दिवसाला २९७ रुपये मजुरी होती. तिचा चतुर्थांश ७४ रुपये, आणि महिन्याचे सुमारे २,२२० रुपये. ही रक्कम कोणत्याही रोजमेळात लिहिली जात नाही, तिची पावती नाही, तिच्यावर वसूल नाही. ती घरातील बायकांच्या पाठीतून आणि मुलींच्या शाळेच्या वेळातून परभारे वळती होते. शहरातील मनुष्य पाणीपट्टीचे बिल पाहून कुरकुरतो, तेव्हा त्याने हा आकडा एकदा शेजारी मांडून पाहावा. ज्या वस्तूची किंमत शून्य लिहिलेली असते तिची भरपाई कोणीतरी श्रमाने केलेली असते, आणि ते श्रम कोणाचे होते हे विचारल्यावाचून स्वस्ताईची स्तुती करू नये.

याच खाऱ्या पाण्याची दुसरी बाजूही पाहण्यासारखी आहे. अकोल्याच्या उत्तरेस दहीहांडा नावाचे गाव आहे. तेथील विहिरींचे पाणी इतके खारट की त्यापासून मीठ काढण्याचा धंदा तेथे पूर्वी चालत असे; इंग्रजी अंमलात तो बंद पडला. १९३० च्या एप्रिलात, गांधीजींनी दांडीच्या किनाऱ्यावर मूठभर मीठ उचलल्यानंतर, समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या वऱ्हाडाने सत्याग्रहासाठी दहीहांडा निवडले आणि तेथील विहिरीचे पाणी आटवून मीठ केले. जे पाणी पिण्यास निरुपयोगी म्हणून गावाने शतकानुशतके दूषण दिले, तेच त्या दिवशी सर्व प्रांताचे लक्ष वेधून बसले. मिठावरील कर त्या काळी मणाला सव्वा रुपया होता. मणाचे चाळीस शेर धरले तर शेराला अर्धा आणा. एवढ्याशा रकमेसाठी एवढा कल्लोळ कशाला, असे त्या वेळी शहाणे म्हणवणाऱ्या पुष्कळांनी म्हटले. परंतु कर बसवणाऱ्याला जे नेमके कळले होते ते या टीकाकारांच्या ध्यानात आले नव्हते. मीठ दुप्पट महाग झाले म्हणून कोणी अळणी खात नाही, आणि निम्म्याने स्वस्त झाले म्हणून कोणी दुप्पट खात नाही. ज्याचे मोल अपार आणि किंमत नगण्य अशा वस्तूवर कर बसवला की तो बिनबोभाट आणि निश्चित वसूल होतो, आणि दिवसाला दोन आणे मिळवणाऱ्यावर त्याचा भार तितकाच पडतो जितका दोनशे रुपये पगाराच्या अंमलदारावर पडतो. जीवनावश्यक वस्तूंची किंमत कमी असते म्हणून त्यांना हात घालणे निरुपद्रवी असते, हा समज १९४७ साली मिठावरील कर उठला तेव्हा कायद्यापुरता संपला. विचारातून तो अद्याप गेलेला नाही.

ज्वारीची कथा अधिक गुंतागुंतीची आहे, आणि वऱ्हाडाच्या सुखदुःखाशी अधिक जवळची आहे. निजामाने १८५३ च्या तहान्वये वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केले, त्या वेळी या मुलखातील कुणब्याची संपत्ती त्याच्या पेवात असे. जमिनीत खोल खड्डा खणून, त्याला आतून कडब्याचे अस्तर लावून, ज्वारी भरून वर मातीने तोंड बंद केले की धान्य वर्षानुवर्षे टिके. पेव ही त्याची पतपेढी होती. तिला व्याज नव्हते, पण तिचे दिवाळेही निघत नसे. पाऊस चुकला की पेव उघडावे आणि वर्ष काढावे. पेवातल्या ज्वारीला बाजारात काय भाव चालला आहे ही चौकशी करण्याचे त्याला कारणच नव्हते, कारण ती विकण्यासाठी नव्हती. ती पहिल्या घागरीसारखी होती.

पुढे दोन गोष्टी एकाच दशकात घडल्या. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला पूर्वी कधी न पाहिलेला भाव आला. आणि १८६७ पर्यंत मुंबईहून निघालेला लोहमार्ग अकोला व बडनेरा ओलांडून नागपूरला जाऊन पोचला. ज्वारीच्या शेतात पऱ्हाटी उभी राहिली. हे कुणब्याच्या अविवेकाने झाले असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. सरकारसारा रोखीने भरावयाचा, सावकाराचे व्याज रोखीने द्यावयाचे, आणि रोकड ज्या पिकाने येते ते पीक त्याने लावले, यात त्याचा दोष काय? कापसाच्या बाजारालाही हळूहळू शिस्त आली. ज्या काळी हिंदुस्थानातील अनेक पेठांत अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली बोटे दाबून सौदा करीत आणि मालाचा धनी शेजारी उभा राहून केवळ तोंडाकडे पाहत असे, त्या काळी, म्हणजे १८८६ साली, कारंजा येथे नियमनाखालील बाजार स्थापन झाला, आणि १८९७ साली कापूस व धान्य यांच्या बाजारांसाठी वऱ्हाडात कायदा झाला. सबंध देशात असा कायदा हा पहिलाच. वजन खरे झाले, तोलाईचे दर ठरले, हर्रास उघडा झाला, आणि हे सामान्य उपकार नव्हेत.

परंतु उघड्या हर्रासाने भाव न्याय्य रीतीने ठरतो, मोल नव्हे. पेवे रिकामी होत गेली होती आणि त्यांच्या जागी रोकड व कर्ज ही दोन आली होती. १८९६-९७ चा दुष्काळ आणि त्यापाठोपाठ संवत १९५६ चा, म्हणून ज्याला लोक छप्पनचा दुष्काळ म्हणत तो १८९९-१९०० चा, या दोहोंमध्ये वऱ्हाडचे खरे चित्र उघडे पडले. आगगाडीने धान्य येत होते. पेठेत धान्य दिसत होते. नव्हती ती खरेदीची ऐपत, कारण कापूस बुडालेला, मजुरी बंद पडलेली, आणि ज्याच्या हाती रुपया नाही त्याची भूक बाजाराला ऐकू येत नाही. १८९१ साली वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २८ लाख ९७ हजार होती. १९०१ च्या शिरगणतीत ती सुमारे २७ लाख ५४ हजार भरली. कापसासाठी विख्यात आणि काळ्या मातीने संपन्न म्हणून दफ्तरोदफ्तरी वाखाणलेल्या प्रांतात दहा वर्षांत सव्वा लाखाहून अधिक माणसे उणी झाली. ज्वारीचा भाव काय होता हे त्या काळच्या सरकारी कागदांत नोंदलेले असते. तिचे मोल मात्र या दोन शिरगणत्यांच्या वजाबाकीत वाचावे लागते.

ज्वारीच्या बाबतीत भावाने आणखी एक गोष्ट नेहमीच गाळली, ती म्हणजे कडबा. क्विंटलाचा दर दाण्याचा असतो, परंतु कुणब्याच्या दृष्टीने दाणा माणसाचा आणि धांडा बैलाचा. १९६४ साली सी.एस.एच.-१ हे पहिले संकरित वाण आले; ताट आखूड आणि कणीस भरगच्च असल्यामुळे एकरी दाणा वाढला, पण कडबा घटला. नव्वदच्या दशकापासून सोयाबीनने ज्वारीची जागाच घेतली. ज्वारी ही गरिबाचे धान्य म्हणून कित्येक वर्षे गव्हाच्या खाली राहिली. आज अमरावतीच्या दुकानांतून तिचे पीठ गव्हाच्या पिठापेक्षा महाग विकले जाते आणि ते मधुमेहाचा रुग्ण वैद्याच्या सल्ल्याने घेतो. धान्य तेच आहे, त्यातील सत्त्वही तेच. जमीन तिच्याखालून गेली, आणि मग बाजाराला तिचे गुण आढळले.

तुरीचा प्रसंग तर कालपरवाचा आहे. अकोला हे तुरीचे आणि डाळगिरण्यांचे मोठे ठिकाण. शंभर किलो तुरीतून साधारणतः सत्तर-पंचाहत्तर किलो डाळ निघते, आणि येथील भावाकडे दूरदूरच्या पेठांचे लक्ष असते. २०१५ च्या दसरा-दिवाळीच्या सुमारास तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली. त्या भावाने हुरळून, आणि पाऊसही चांगला झाल्याने, पुढच्या हंगामात देशभर तूर अमाप पिकली: २०१५-१६ साली २५.६ लाख टन उत्पादन होते, ते २०१६-१७ साली ४८.७ लाख टन झाले. आधारभाव बोनस धरून क्विंटलाला ५,०५० रुपये जाहीर झाला होता, परंतु खुल्या बाजारात भाव त्याखाली कोसळला आणि सरकारी खरेदी केंद्रांपुढे ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या. बारदाना संपला म्हणून खरेदी थांबे, आणि शेतकरी आपल्या पोत्यांवर रात्रीमागून रात्र झोपे. दोनशे रुपये किलोने डाळ घेणारी गृहिणी आणि पाच हजारांच्या आत तूर घालणारा कास्तकार, ही दोघेही त्या दोन वर्षांत नाडली गेली. वरणाचे मोल दोन्ही वर्षी सारखेच होते. बदलली होती ती फक्त शेवटच्या पोत्याची गरज.

या सर्व उदाहरणांत एक समान धागा मला दिसतो. जीवनावश्यक वस्तूचा भाव पुष्कळदा वस्तूपेक्षा, कोण किती दिवस थांबू शकतो यावरून ठरतो. तहानेला थांबता येत नाही, म्हणून टँकरवाला आपला दर लावतो. मिठाला थांबता येत नाही, म्हणून सरकारने कर लावला. जानेवारीत तूर खळ्यावर येते त्याच वेळी पीककर्जाची परतफेड, मुलीचे लग्न, दुकानदाराची उधारी ही सर्व दारात उभी असतात, म्हणून कास्तकाराला थांबता येत नाही. आणि तोच कास्तकार पावसाळ्यात डाळ विकत घेतो तेव्हा पुन्हा थांबता येत नाही, कारण भूक थांबत नाही. विकताना आणि घेताना, दोन्ही वेळी घाई त्याचीच. पेव असताना ही घाई नव्हती.

थांबण्याची ऐपत निर्माण करणारी एक व्यवस्था महाराष्ट्रात १९९०-९१ पासून आहे. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना ही ती होय. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवावा, त्याच्या किमतीच्या पाऊणपटपर्यंत रक्कम उचलावी, सहा महिन्यांपर्यंत सहा टक्के दराने व्याज द्यावे, आणि भाव सुधारल्यावर माल विकावा, असा तिचा आशय आहे. हिशेब करून पाहू. दहा क्विंटल तूर, भाव सात हजार, म्हणजे सत्तर हजारांचा माल. कर्ज ५२,५०० रुपये. सहा महिन्यांचे व्याज १,५७५ रुपये, म्हणजे क्विंटलामागे १५७ रुपये ५० पैसे. थांबण्याची एवढीच किंमत पडते, आणि तुरीचा भाव हंगामानंतर याच्या कितीतरी पट चढल्याची वर्षे सर्वांच्या स्मरणात आहेत. ज्याच्याजवळ दहा-वीस क्विंटल आहेत आणि बाजार समितीपर्यंत न्यावयास गाडी आहे, त्याने या योजनेचा लाभ अवश्य घ्यावा.

ज्याच्याजवळ दोनच क्विंटल आहेत त्याचे काय, हा प्रश्न मला सतत छळतो. दोन पोत्यांसाठी तालुक्याला जाण्याचे भाडे, हमाली, एक दिवसाची बुडालेली मजुरी आणि सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी तलाठ्याकडे मारलेल्या चकरा मिळून थांबण्याचा सगळा फायदा संपून जातो. म्हणून तो खळ्यावरच, गावात आलेल्या व्यापाऱ्याच्या काट्यावर, मिळेल त्या भावाने तूर घालतो. ते गोदाम जर तालुक्याच्या बाजारात न राहता गावातील सेवा सहकारी सोसायटीच्या आवारात उभे राहिले, तेथे पोते पोते मोजून घेऊन पावती देणारा एक कारकून बसला, आणि त्या पावतीवर त्याच दिवशी पैसे मिळू लागले, तर पूर्णेकाठच्या त्या दोन क्विंटलवाल्याला जानेवारीतली तूर जूनपर्यंत ठेवता येईल, आणि जमले तर एक पोते घरच्या वरणासाठी परत आणता येईल.